खडसावणारी ओळ की वाट दाखवणारी?

नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्याचा फोन: "भाऊ, यादी उघडली तर नावांच्या जागी भलतीच अक्षरं येऊन राहिली!" त्या दिवसातला तिसरा. मदतपुस्तिकेत मी रागातच लिहिलं, 'फाइल चुकीच्या पद्धतीने उघडू नका.' मग बरोबर पद्धत कोणती? ते त्यात कुठेच नव्हतं.

दुसरा मसुदा लांबला: 'सीएसव्ही फाइलवर (यादीची साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक केल्यास एक्सेल मराठी अक्षरं चुकीची दाखवू शकतं. तुमची माहिती सुरक्षित आहे. फाइल सेव्ह न करता बंद करा. डेटा टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये "६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)" निवडा.'

मी दुसराच ठेवला. 'माहिती सुरक्षित आहे' एवढ्या तीन शब्दांसाठीसुद्धा ठेवला असता. घाबरलेला माणूस तीच बिघडलेली यादी सेव्ह करतो आणि मग नावं खरोखरच जातात.