कुत्र्या-मांजरांचा हीटिंग पॅड: घेण्याआधी वायर बघा

निफाड पट्ट्यात पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा फरशीवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे सकाळी आखडलेले असतात. अशा जनावराला विजेवर तापणारा पॅड खरंच उपयोगी पडतो, आखूड केसांच्या मांजरालाही. हस्कीसाठी मात्र पैसे वाया. तो पॅड सोडून गार फरशीवरच जाऊन पडणार.

थेट 230 व्होल्टवर चालणारे पॅड स्वस्त, अडॅप्टरमधून 12 व्होल्ट घेणारे थोडे महाग. महागडाच घ्या. पिल्लाने वायर कुरतडली तर 230 व्होल्ट जीव घेतात. वायरीवर स्टीलच्या स्प्रिंगचं वेष्टण हवं. नुसती प्लास्टिकची नळी लॅब्रेडॉरचं पिल्लू एका दुपारी संपवतं. अडॅप्टर कपाटामागे ठेवा, कारण तिथपर्यंत 230 व्होल्टच येतात.

माणसांनी कंबर शेकायचा पॅड चालत नाही. तो 50 अंशांच्या वर जाऊ शकतो. कुत्र्या-मांजरांचं अंगच 38-39 अंश असतं आणि 45 अंशांवर तासन्‌तास पडून राहिलं तरी कातडी भाजते. केसांखाली ते लवकर दिसतही नाही. पॅडचा थर्मोस्टॅट 40 अंशांच्या आत थांबतो का, हे आधी तपासा: पॅडवर थर्मामीटर, त्यावर घडीचा टॉवेल, तासाभराने आकडा वाचा. टॉवेल हवाच, अंगाखाली उष्णता कोंडते, उघडा पॅड कमी दाखवतो.

पॅड अंथरुणाच्या अर्ध्याच भागात घाला, नको झालं की जनावराला सरकता आलं पाहिजे. खाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी, नाहीतर बरीचशी ऊब फरशीत जाते. डोळे न उघडलेली पिल्लं किंवा भूल उतरत असलेलं जनावर यांना त्यावर एकटं सोडू नका.

बिघाड बहुधा घडी घातल्याने होतो. आतली तार तिथे मोडते, एकाच जागी तापते आणि वर तपकिरी डाग उमटतो. असा पॅड दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या. उन्हाळ्यात तो सपाटच ठेवायचा.

खर्च किरकोळ: 20 वॅटचा पॅड रात्रीचे दहा तास चालला तर महिन्याला सहा युनिट. खरी तक्रार टायमरची. सहा तासांनी आपोआप बंद होणारा पॅड रात्री दहाला लावला तर पहाटे चारला थंड, आणि कडाका असतो तो पहाटेच. थर्मोस्टॅट असेल तर टायमर नसलेला बरा. कव्हर चेन लावून काढता येणारं, जमल्यास दोन घ्या. मांजर त्यावर एकदा तरी मुतणारच.