३७ मिमी की ४७? छोट्या केसचा कूलर

छोट्या केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या छोट्या डब्यात, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर निवडताना आधी पट्टी काढायची, पाकीट नंतर. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरसोबत मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर ५४ मिमी उंच. एएसरॉकच्या डेस्कमिनी एक्स३०० या छोट्या पीसीत कूलरला जागा ४६ मिमीची. म्हणजे तो खोक्यातच राहणार. मग शोधाशोध करता करता बहुतेक जण दोन नावांपाशी येतात: नॉक्टुआचा एनएच-एल९ए (इंटेलसाठी एल९आय) आणि थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७.

एल९ पंख्यासकट ३७ मिमी: २३ चा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा), १४ चा पंखा, हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) दोन. एक्स४७ मध्ये हीटसिंक ३२, पंखा १५, हीटपाइप चार. दोघांचेही पंखे ९२ मिमीचेच, त्यामुळे खरा फरक धातू किती याचा. ५६००जी कागदावर ६५ वॉटचा असला तरी जोर लावला की ८८ वॉटपर्यंत खेचतो. ब्राउझर, एक्सेल, पिक्चर एवढंच असेल तर कुठलाही घ्या, फरक कळणार नाही. पण व्हिडिओ रेंडरला लावलात की एल९ चा चपटा पंखा मिनिटाला २५०० फेऱ्यांकडे धावतो आणि टेबलावर, हाताच्या अंतरावर, तो बारीक सूं आवाज डोक्यात जातो. एक्स४७ तेच काम निवांत करतो. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते तेव्हा तर हे जास्तच जाणवतं.

तरी एक्स४७ घ्याच असं सरसकट सांगवत नाही, कारण तो एक मिलिमीटर. डेस्कमिनीत मदरबोर्डचा ट्रे मागून ड्रॉवरसारखा आत सरकतो. ४६ आणि ४७ मध्ये काय एवढं, असं म्हणत मी ढकलला, तर पंख्याची कड वर खर्रकन घासली. यावर तोड आहे: मूळ पंखा काढून नॉक्टुआचा १४ मिमीचा एनएफ-ए९एक्स१४ लावायचा. ३२ अधिक १४, बरोबर ४६. फक्त पंख्याचे पैसे वेगळे, मग स्वस्त कूलर फारसा स्वस्त राहत नाही.

डॅन ए४-एसएफएक्स या केसमध्ये मात्र ४८ मिमी मिळतात. तिथे एक्स४७ डोळे झाकून घ्यावा. पंखा जाळीच्या पॅनेलला जवळजवळ चिकटतो आणि बाहेरची ताजी हवा थेट ओढतो. त्याच केसमध्ये एल९ लावला तर वर ११ मिमी पोकळी उरते आणि पंखा आतलीच गरम हवा पुन्हा गिळतो. नॉक्टुआ त्यासाठी एनए-एफडी१ नावाची फोमची चौकट विकते. आधीच महाग कूलर, त्यात हा खर्च. उलट वेल्का ३ ही केस असेल, तर जागाच ३७ मिमी. प्रश्नच मिटला, एल९.

डेस्कमिनीवाल्यांनी रेंडरची भानगड नसेल तर एल९ए घ्यावा आणि बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) प्रोसेसर ४५ वॉटवर आणावा. मी शेवटी तेच केलं. एएम४ आणि एएम५ या एएमडीच्या दोन सॉकेटसाठी (प्रोसेसर बसायच्या जागेसाठी) एल९ए ची मॉडेलं वेगळी आहेत, खोक्यावरचं नाव वाचूनच पैसे द्या. स्क्रू मदरबोर्डच्या मागून लागतात, म्हणून बोर्ड ट्रेवर कसण्याआधी कूलर चढवा. मी उलट्या क्रमाने गेलो आणि सगळं पुन्हा उलगडत बसलो.