जॉइस, बेकेट, शॉ आणि गोल्फ: पुण्यातल्या पोरांची शॉर्टफिल्म बघितली

फिल्मचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नावातच शेवटचा पंच फोडून ठेवलाय. कुणीतरी त्या पोरांना सांगायला हवं होतं. तर जेम्स जॉइस, सॅम्युएल बेकेट आणि बर्नार्ड शॉ हे तीन आयरिश लेखक गोल्फ खेळायला उतरलेत आणि तिघांपैकी एकालाच खेळता येतं, एवढीच स्टोरी. पंधराएक मिनिटांचा मामला, डायलॉग सगळे मराठीत, शूटिंग मुळशीकडच्या कुठल्यातरी फार्महाऊसच्या लॉनवर. डब्लिन म्हणून काही खपत नाही, मागे सह्याद्री ढळढळीत दिसतोय, पण चालतंय.

आवडलं ते हे की पोरांनी अभ्यास केलाय. बेकेट म्हटलं की आपल्याकडे लगेच त्याच्या 'वेटिंग फॉर गोदो' नाटकातलं एक झाड, दोन माणसं आणि न येणाऱ्याची वाट बघणं सुरू होतं, इथला बेकेट मात्र खेळाडू आहे आणि तो खरोखरच होता. डब्लिनजवळ कॅरिकमाइन्सला गोल्फ खेळायचा, शिवाय 1925 आणि 1926 मध्ये डब्लिन युनिव्हर्सिटीकडून नॉर्थॅम्प्टनशायरविरुद्ध फर्स्ट क्लास क्रिकेट खेळलाय, विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथात नाव आहे राव! पुढे 1969 चं नोबेल. तर फिल्ममध्ये हा पठ्ठ्या तोंडातून चकार शब्द न काढता बॉल होलात घालतो आणि पुढे चालू पडतो, बाकीचे दोघं अजून पहिल्याच होलवर वाद घालतायत. ते काम करणाऱ्या पोराला शंभर मार्क.

जॉइसच्या डोळ्याला पट्टी, हातात काठी, आणि तो त्या काठीनेच बॉल मारतो. चालता चालता कादंबरीचा मजकूर सांगतोय, बेकेट स्कोअरकार्डच्या मागे उतरवून घेतोय, मध्येच "अरे बेकेट, बॉल कुठे गेला?" तर तेही उतरवलं. मग वाचून दाखवल्यावर जॉइस जरा विचार करतो आणि म्हणतो, "राहू दे, चांगलंय." हे उगाच नाहीये बरं का, जॉइसच्या डोळ्यांची ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली होती आणि पॅरिसमध्ये बेकेट त्याचं डिक्टेशन घ्यायचा, तेव्हा दार वाजलं म्हणून जॉइस "आत या" म्हणाला, तेही लिहिलं गेलं आणि त्याने ते तसंच ठेवलं, असा किस्सा सांगतात.

पण हॉल खरा उठला तो शॉवर. आपल्याला शॉ म्हणजे पुलंच्या 'ती फुलराणी'च्या मुळाशी असलेला माणूस, आणि इथे तो शुद्ध सदाशिव पेठी आहे, बॉल हरवला तर त्याचे पैसे कोण देणार यावर दोन मिनिटं सलग बोलतो. यालाही आधार आहे, जॉइसच्या 'युलिसिस'साठी आगाऊ ग्राहक जमवत होते तेव्हा शॉने कळवलं होतं की 150 फ्रँक देऊन असलं पुस्तक घेईल असा आयरिश माणूस, त्यातून म्हातारा, मिळायचा नाही. फिल्ममध्ये जॉइस ते उकरून काढतो आणि शॉ शांतपणे, "मग आता स्वस्त झालंय का?"

शेवटची तीनेक मिनिटं मात्र घसरली. तिघं कॅडीची, म्हणजे गोल्फची बॅग उचलणाऱ्याची, वाट बघत बसतात, कॅडी येत नाही, गोदोसारखाच, हो हो कळलं. इतका वेळ माणसांवर हसवत होते, मग एकदम अभ्यासक्रमातला विनोद कशाला आणलात? वाऱ्याचा आवाजही माईकमध्ये घुसलाय, शॉची निम्मी वाक्यं अंदाजाने ऐकावी लागतात, सबटायटल टाका बाबांनो. हॉलमधल्या खुर्च्यांबद्दल न बोललेलंच बरं, एसी होता पण पहिल्या दोन रांगांपुरता.

तिकीट शंभर रुपये, त्यात आणखी दोन फिल्म होत्या, त्यातली एक पावसावर आणि एक आजीवर, दोन्ही ठीकठाक. या गोल्फवाल्यांसाठी शंभर वसूल. जॉइस वाचलेला नसला तरी चालेल, माझ्यासोबत आलेल्या मित्राने एक पान वाचलेलं नाही आणि तोच जास्त हसत होता.