व्ही-क्रॉस २.५ची ताकद वाढवताना कुठला भाग पैशाला जागतो

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअपचं २.५ लिटर बीएस४ डिझेल इंजिन कारखान्यातून सुमारे १३४ अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन येतं. पणजी-मडगाव धावायला तेवढं पुष्कळ. पण मे महिन्यात एसी चालू, मागे बोटीचा ट्रेलर आणि समोर चोर्ला घाट असला की ते कमी पडतं. मग मालक म्हणतो, ‘चिप टाकून घेऊया.’ या गाडीसाठी मिळणाऱ्या वस्तू एकेक करून पारखल्या तर क्रम नेमका उलटा निघतो. ताकद वाढवणारी वस्तू सगळ्यांत शेवटी घ्यावी. आधी आहे ती ताकद कुठे गळते ते बघावं.

म्हणून पहिला खर्च बूस्ट लीक टेस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो ती हवा (बूस्ट) कुठे गळते ते बघण्याचा. एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडावरून काढायचा, तिथे व्हॉल्व्ह बसवलेलं बूच लावायचं आणि रेग्युलेटरवरून हळूहळू १ बारपर्यंत हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. टर्बोच्या आधीच्या पाइपात क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या तळातली वाफ बाहेर सोडणारी) नळी येऊन मिळत असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर हवा सम्पमध्ये (तळाच्या तेलाच्या भांड्यात) शिरून ऑइल सील उचकटते. पाच-सात वर्षांच्या गाडीत इंटरकूलरकडे (टर्बोतली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी होसचा खालचा वाक तेलाने फुगलेला सापडणं नेहमीचं आहे. अशा गाडीला पी०२९९ हा दोषाचा कोड येतो, म्हणजे बूस्ट कमी पडतोय. गॅरेजवाला टर्बो बदलायला सांगतो आणि दोष असतो तो एका होसमध्ये.

सिलिकॉन होसचा संच ही घेण्याजोगी वस्तू आहे, पण नीट पाहून. साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपतं, आणि टर्बोच्या पाइपात तेलाची वाफ असतेच. आतून फ्लुरोसिलिकॉनचा अस्तर-थर असलेला, किमान चार पदरी होस मागा. निळा की काळा हा प्रश्न फोटोपुरता. सोबत येणारे स्क्रूवाले साधे क्लॅम्प टाकून द्या, त्यांच्या खाचा सिलिकॉन कापतात. टी-बोल्ट क्लॅम्प लावा आणि गाडी किनाऱ्याजवळ राहत असेल तर ३१६ दर्जाच्या स्टीलचे घ्या. खाऱ्या वाऱ्यात ३०४ स्टीलवर लवकर तांबूस डाग धरतात. बसवताना पाइपाचं टोक तेलमुक्त हवं. तेलकट टोकावर कितीही आवळलं तरी घाटात होस निसटतो.

इंटरकूलरवर जरा थांबू, कारण गोव्यात सगळा खेळ उष्णतेचा आहे. बाहेर ३५ अंश आणि बूस्ट १.४ बार धरला तर टर्बोतून निघणारी हवा दीडशे अंशांच्या आसपास तापते. ती जितकी थंड होऊन सिलिंडरमध्ये जाईल तितका प्राणवायू जास्त. दर दहा अंशांमागे हवेची घनता ढोबळमानाने तीन टक्क्यांनी वाढते. मोठा इंटरकूलर म्हणून उपयोगी खराच, पण बाजारातले जाडजूड बार-अँड-प्लेट कोअर (इंटरकूलरचा आतला जाळीचा गाभा) ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या रस्त्यांवर शोभतात. आपल्याकडे घाटात ट्रकमागे वीसच्या वेगाने चढताना समोरून वारा नसतो, पंखाच सगळी हवा ओढतो. कोअर फार जाड असला तर मागच्या रेडिएटरला हवा पुरत नाही आणि इंजिनाचं तापमान वर सरकतं. पन्नास मिलिमीटरच्या आसपासची जाडी आणि पूर्ण बूस्टवर ०.१ बारच्या आत दाबघट, एवढं देणारा कोअर पुरे. विकणाऱ्याकडे दाबघटीचा आकडा नसेल तर तो माल सोडा.

त्याहून आधी मात्र मूळ इंटरकूलर धुऊन बघा. एसी कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या फटींत चिरेखाणींच्या रस्त्यावरची तांबडी धूळ पावसाच्या पाण्याने थापली जाते. ग्रिलमधून ती दिसत नाही. भाग सैल करून मागच्या बाजूने, साध्या नळाच्या दाबाने गोडं पाणी सोडायचं. प्रेशर वॉशरने फिन आडवे पडतात आणि मग नवा कोअरच घ्यावा लागतो. त्याच वेळी पंख्याचा व्हिस्कस क्लचही (इंजिन तापलं की पंख्याला जोडून घेणारा भाग) तपासा. इंजिन तापलेलं असताना, बंद करून, पंखा हाताने फिरवला तर त्याने अडून राहायला हवं. सैल फिरला तर बदला. कित्येक गाड्यांचं घाटातलं दुखणं एवढ्यावर बरं होतं.

ऑइल कॅच कॅन हा गुणी पण आळशी मालकाला न मानवणारा भाग. ब्रीदरमधलं तेल आणि ईजीआरची (थोडा जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी एकत्र आली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबर साचतं, हवेची वाट अरुंद होते. आत गाळणी असलेला कॅन तेलाचा बराच भाग अडवतो. नुसता रिकामा चकचकीत डबा काहीच अडवत नाही. नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको. पावसाळ्यात कॅनमध्ये पाणी मिसळलेलं, ताकासारखं पांढुरकं तेल जमतं. ते घाबरण्यासारखं नाही, मात्र जून ते सप्टेंबर दर महिन्याला काढा, एरवी दर ५,००० किलोमीटरला. गाळणी तुंबली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि सील गळू लागतात.

डिझेलचा जादा प्री-फिल्टर डोळे झाकून घ्या. मूळ फिल्टरच्या आधी ३० मायक्रॉनचा, खाली पाणी दिसणारी पारदर्शक वाटी असलेला. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) पूर्ण भाराला दीड हजार बारच्या वर दाब असतो. तिथे पाण्याचा थेंब इंजेक्टरची सुई खातो. तेल लावलेला कॉटनचा एअर फिल्टर मात्र नको. आपल्या बारीक धुळीला मूळ कागदीच बरा.

आता चिप. दोन प्रकार मिळतात. प्लग-इन बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) फसवतो, मग ईसीयू पंपाकडून आणखी दाब मागतो. हवा तेवढीच, डिझेल जास्त. परिणाम काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि पंपावर कायमचा ताण. बसवायला दहा मिनिटं लागतात, हाच त्याचा एकमेव गुण. ईसीयू रिमॅपमध्ये, म्हणजे त्या संगणकातली फाइलच बदलताना, बूस्ट, इंजेक्शनचा काळ, टॉर्कची मर्यादा हे सगळं जुळवून बदलता येतं. आमच्या मते या इंजिनाला १५५ ते १६० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन-मीटर इथे थांबवणं शहाणपणाचं. पूर्ण टॉर्क २,००० आरपीएमच्या खाली देऊ नका म्हणून बजावा. कमी फेऱ्यांवरचा मोठा टॉर्क क्लच आणि कनेक्टिंग रॉड दोघांनाही जड जातो. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा. आधीचा आणि नंतरचा लॉग (चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद) मागा, त्यात मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि रेल प्रेशर शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. लॉग न देणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

रिमॅप करणार असाल तर ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान दाखवणारा) मीटर सक्तीचा समजा. सेन्सर टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये हवा. टर्बोनंतर लावला तर भारावर खऱ्या तापमानापेक्षा शंभर अंश किंवा त्याहूनही जास्त अंशांनी कमी दाखवतो. भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवा, जागेवर ड्रिल मारलं तर लोखंडाचा कीस टर्बाइनच्या पात्यांत जातो. चढावर आकडा ७०० अंशांवर टिकून राहू लागला की पाय सैल करून खालचा गिअर टाकायचा. माथ्यावर चहाला थांबताना इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं मंद चालू ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळून त्याचा कोळसा होतो.

क्लचचा खर्च आधीच धरून चाला. चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवर पूर्ण पाय दिल्यावर आरपीएमचा काटा उडी मारतो आणि वेग तसाच राहतो, तर क्लच घसरतोय. बदलताना ऑरगॅनिक फेसिंगची हेवी-ड्युटी प्लेट घ्या. सिरॅमिक बटणवाली म्हापशाच्या बाजारातल्या गर्दीत गाडी थरथरवते आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) चढावर रिव्हर्स घेताना जीव नकोसा करते.

कागदपत्रांचंही पाहा. मोटर वाहन कायदा १९८८चं कलम ५२ मूळ नोंदीशी विसंगत बदलांना आड येतं, शिवाय वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकू शकतो, म्हणून विमा कंपनीला लेखी विचारूनच पुढे जा. पीयूसीत बीएस४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. नीट केलेला रिमॅप तिच्या आत बसतो, बॉक्स बऱ्याचदा बसत नाही. १.९ लिटरच्या बीएस६ व्ही-क्रॉसला यातलं होस, धुलाई आणि प्री-फिल्टर एवढंच लावा. तिथे धूर वाढला की डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळीची गाळणी) आधी भरतो, आणि तो बदलण्याच्या खर्चात या यादीतल्या बऱ्याच वस्तू येतात.