बोर्गेझे गॅलरी, रोम: आधी वरच्या मजल्यावर जा

रोमच्या बोर्गेझे गॅलरीचं तिकीट आधी बुक करावं लागतं, वेळ ठरवून मिळते आणि आत राहायला दोनच तास. बॅगा बाहेर जमा. आत शिरलेली मंडळी खालच्या मजल्यावर बर्निनीच्या ‘अपोलो आणि डाफ्ने’ या संगमरवरी शिल्पाभोवती अशी रेंगाळतात की वरच्या चित्रांना मग उरलीसुरली मिनिटं मिळतात. माझं ऐकाल तर उलटं करा. थेट जिना चढा आणि दोमेनिकीनो या इटालियन चित्रकाराची डायना गाठा.

हे 1616-17 मधलं तैलचित्र. सव्वादोन मीटर उंच, तीन मीटरहून जास्त रुंद. नाव शिकारीच्या देवीचं असलं तरी इथे शिकार नाही, तिच्या सख्यांची नेमबाजीची स्पर्धा चालली आहे. कॉलेजात असताना साताऱ्याला मी धनुर्विद्या खेळायचे, त्यामुळे माझी नजर आधी बाणांवर गेली. बाण तीन. एक खांबात रुतलाय, दुसऱ्याने पक्ष्याला बांधलेली फीत तोडलीय आणि तिसरा थेट पक्ष्याला लागलाय. आपल्याला लगेच अर्जुन आणि पोपटाचा डोळा आठवतो, पण हा प्रसंग रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ महाकाव्यातला. तिथे खांब म्हणजे जहाजाची डोलकाठी, आणि नेम धरणारे सगळे पुरुष. दोमेनिकीनोने ती स्पर्धा सरळ बायकांच्या हवाली केली. हे मला जाम आवडलं!

डायना स्वतः मधोमध, दोन्ही हात उंचावून उभी. खरं सांगू? चित्रातली सगळ्यात कंटाळवाणी बाई तीच. पोझ देऊन अवघडल्यासारखी दिसते. जीव आहे तो कडेच्या गर्दीत. समोर पाण्यात बसलेली एक कोवळी मुलगी थेट आपल्याकडे बघते, ‘तुम्ही इथे कसे?’ अशा नजरेने. उजवीकडे झाडीत दोन पुरुष लपून बघताहेत. त्यांचा वास लागलेला शिकारी कुत्रा झेपावतोय आणि एक सखी त्याला कसाबसा आवरतेय. डायनाला अंघोळ करताना पाहिलं म्हणून अ‍ॅक्टिऑन या शिकाऱ्याचं हरीण झालं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं, ही गोष्ट माहीत असली की या कोपऱ्यापाशी पाय अडतो. त्या सखीने हात सैल सोडला तर? आणि चोरून बघणारे ते दोघंच कुठे आहेत, आपणही त्यातलेच.

चित्र इथे आलं कसं, ती हकीकतही भारी आहे. ते रंगवून घेतलं होतं कार्डिनल, म्हणजे चर्चमधले बडे धर्माधिकारी, आल्दोब्रांदिनी यांनी. पोपचा भाचा शिपिओने बोर्गेझे, ज्याच्या संग्रहातून ही गॅलरी झाली, याला ते हवं झालं. चित्रकार देईना, तेव्हा त्याला काही दिवस तुरुंगात टाकलं आणि चित्र उचललं. या गृहस्थाची ती रीतच होती. 1607 मध्ये काव्हालिएर द’अर्पिनो या चित्रकाराचा अख्खा संग्रह जप्त झाला तो याच्याच घरी आला, आणि त्यातूनच काराव्हाज्जोचं ‘फळांची टोपली घेतलेला मुलगा’ हे चित्र इथे पोचलं. माणूस लुटारू, पण नजर पक्की.

डायना पाहून झाली की मग निवांत खाली उतरा. अपोलो हा तिचा जुळा भाऊ, आणि तो जिच्यामागे धावतोय ती डाफ्नेही डायनाचाच कित्ता गिरवणारी, रानात शिकार करत फिरणारी. वरचं चित्र डोळ्यांत ताजं असताना तो संगमरवर वेगळाच दिसतो.

चित्राला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या अवघडलेल्या डायनाचा कापला. सोमवारी गॅलरी बंद असते. सकाळची पहिली वेळ मिळाली तर तीच घ्या, आणि दोन तासांतली वीस मिनिटं तरी एकट्या या चित्रासाठी ठेवा.