टोरी शोधायला गेलो आणि लुटारू सापडले (फुकटची आयरिश डिक्शनरी)

ब्रिटनच्या बातमीत 'हुजूर पक्ष' वाचून मुलीने विचारलं बाबा इंग्रजीत यांना टोरी का म्हणतात, आणि मला काही धड सांगता येईना. शब्द मुळात आयरिश, म्हणून मग टँगलन डॉट आयई (teanglann.ie) ही डिक्शनरीची साईट उघडली. आयरिश भाषेची सरकारी संस्था चालवते, लॉगिनची कटकट नाही, पैसे नाहीत, आणि आत ओ डोनिलची 1977 ची जाडजूड आयरिश-इंग्रजी डिक्शनरी अख्खी टाकलीये.

शब्द आहे तोराई (tóraí), उच्चार साधारण 'तोरी'. मोबाईलवर ओ आणि शेवटचा आय दाबून धरले की वरच्या तिरक्या रेघेवाली अक्षरं मिळतात, ती टाका. अर्थ बघून उडालोच, शोध घेणारा, पाठलाग करणारा आणि पुढे चक्क लुटारू!! 'तोर' म्हणजे पाठलाग, त्यावरून आलाय. गंमत बघा, शब्द पाठलाग करणाऱ्याचा आणि चिकटला कोणाला, तर ज्यांच्या मागे इंग्रज फौज लागली होती त्यांना.

म्हणजे झालं असं की इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या स्वारीत (1649 ते 53) आयर्लंडमधल्या कॅथलिकांच्या जमिनी गेल्या, त्यातले काही रानात नि दलदलीत लपून लुटालूट करायला लागले, इंग्रज त्यांना टोरी म्हणायचे. आपल्याकडचे पुंड म्हणा ना. आर्मा भागातला रेडमंड ओ'हॅनलन त्यातला नावाजलेला, 1681 ला मारला गेला. त्याच सुमारास लंडनच्या पार्लमेंटात भांडण पेटलेलं, राजाचा भाऊ जेम्स कॅथलिक, त्याला गादी द्यायची की नाही. द्या म्हणणाऱ्यांना समोरच्यांनी शिवी हासडली, टोरी! यांनी उलट त्यांना व्हिग म्हटलं, तीही स्कॉटलंडच्या बंडखोरांवरून आलेली शिवीच. आणि आपल्या पेपरवाल्यांनी या लुटारूंना थेट हुजूर करून टाकलं 😄

आता एक, ही कथा टँगलनवर शोधू नका, तिथे अर्थ मिळतो, व्युत्पत्ती नाही. जुन्या आयरिशसाठी ईडीआयएल म्हणून वेगळी साईट आहे, तीही फुकट, पण आपल्यासारख्याला जड जाते. टँगलनवर बऱ्याच शब्दांचे उच्चार तीन बोलींत ऐकायला मिळतात, अल्स्टर, कॉनाक्ट, मन्स्टर, त्यात माझा अर्धा तास गेला. आयरिश स्पेलिंग बघून उच्चार ओळखणं आपल्या बापाला जमणार नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4. जाताजाता 'रापरे' (rapaire) पण शोधा, 1690 च्या सुमारासच्या लुटारूंचं नाव, मूळ अर्थ आखूड भाला.