आयआरएसचे फुकट ईमेल, पब्लिकेशन १५ आणि विदहोल्डिंगचं कॅल्क्युलेटर: दोन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

हसू नका. थाळीचा, साडीच्या दुकानाचा, पार्लरचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, पण माझे महिन्यातले दोन रविवार ज्याच्यात जातात त्या आयआरएसच्या (अमेरिकेचं फेडरल टॅक्स खातं) फुकट सेवांबद्दल मराठीत कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मीच लिहितेय. न्यू जर्सीत एडिसनजवळ माझं टिफिन आणि केटरिंगचं छोटं किचन आहे, सात माणसं पगारावर, त्यातले दोघं पार्टीत वाढायला जातात तर त्यांना टिप मिळते. नवरा आयटीत. सासू-सासरे ग्रीन कार्डवर आमच्याकडेच. म्हणजे फेडरल टॅक्समध्ये काहीही हललं की आमच्या घरात कुणाला ना कुणाला तरी धक्का बसतोच.

आधी मी यातलं काहीच वाचायचे नाही. पेरोल कंपनीला दर महिन्याला पैसे देतोय ना मग त्यांनी बघावं, असा माझा हिशेब. कंपनीचं नाव घेत नाही कारण आता त्यांच्याशी काही देणंघेणं नाही, पण झालं असं की मी बँक बदलली, त्यांना कळवलं, त्यांच्या सिस्टिममध्ये जुनाच अकाउंट राहिला आणि एका महिन्याचं पेरोल टॅक्सचं डिपॉझिट गेलंच नाही. मला पत्ता नाही. मग घरी आयआरएसची चिठ्ठी. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला मंथली डिपॉझिटर म्हणतात, म्हणजे या महिन्याच्या पगारावरचा टॅक्स पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. पाच दिवसांपर्यंत उशीर झाला तर २ टक्के दंड, पंधरा दिवसांपर्यंत ५ टक्के, त्याच्या पुढे १० टक्के. मी अर्थातच त्याच्या पुढे. पेरोलवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, मॅडम आम्ही बघतो, आणि बघतच बसले.

त्या रात्री पहिल्यांदा पब्लिकेशन १५ उघडलं. जुनी माणसं याला सर्क्युलर ई म्हणतात, एम्प्लॉयर्स टॅक्स गाइड. त्यात स्वच्छ लिहिलंय की पेरोल दुसऱ्या कोणाला दिलं तरी टॅक्स वेळेवर भरला जाण्याची जबाबदारी एम्प्लॉयरचीच, आणि ईएफटीपीएसला (टॅक्स ऑनलाइन भरायची सरकारी साइट) स्वतःचं लॉगिन ठेवा म्हणजे तुमच्या नावाने पैसे खरंच भरले जातायत का ते तुम्हाला बघता येईल. हे दोन वाक्यं मला कोणी दुकान उघडताना सांगितली असती तर! दंड पुढे माफ झाला कारण आधीची तीन वर्षं रेकॉर्ड साफ होतं, त्याला फर्स्ट टाइम अबेट म्हणतात, फोनवर मागितलं की बघतात, पण मागावं लागतं. तेव्हापासून दर महिन्याच्या १६ तारखेला सकाळी चहा घेत ईएफटीपीएस उघडून बघते. सासूबाई म्हणतात तुझा पाठ सुरू झाला.

तर पब्लिकेशन १५ ला पाचपैकी साडेचार. भाषा सरकारी आहे पण इंडेक्स चांगला आहे आणि सुरुवातीलाच व्हॉट्स न्यू म्हणून भाग असतो, घाईत असाल तर निदान तेवढा वाचाच. सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) टॅक्स पगाराच्या किती रकमेपर्यंत लागतो ती वरची मर्यादा तिथेच मिळते, २०२५ ला १,७६,१०० डॉलर होती, २०२६ ला १,८४,५०० झाली. माझ्या किचनमध्ये एवढा पगार कोणाला नाही (मला तर नाहीच), पण नवऱ्याच्या वेळी हा आकडा कामाला आला. त्याने २०२५ च्या मध्यात नोकरी बदलली. नवी कंपनी सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापायला पहिल्या डॉलरपासून सुरुवात करते, आधीच्या ठिकाणी किती कापलं ते ती धरत नाही, त्यामुळे दोन्ही डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कपात दाखवणारा कंपनीचा फॉर्म) मिळून कपात १०,९१८.२० डॉलरच्या वर गेली. ही जादाची रक्कम रिटर्न भरताना परत मिळते. नवरा म्हणे अगं सॉफ्टवेअर करतं ते आपोआप. करतं, पण दोन्ही डब्ल्यू-२ नीट टाकले तरच, आणि एक डब्ल्यू-२ जुन्या कंपनीच्या पोर्टलवर पडून होता जिथलं लॉगिन साहेबांकडे नव्हतं.

आता ईमेलबद्दल. आयआरएसच्या साइटवर सबस्क्रिप्शनचं पान आहे, नुसता ईमेल द्यायचा आणि हवे ते निवडायचे. मी दोन घेतलेत, ई-न्यूज फॉर स्मॉल बिझनेसेस आणि ई-न्यूज फॉर पेरोल प्रोफेशनल्स. दुसऱ्याच्या नावाला घाबरू नका, मी कुठली प्रोफेशनल, पण तारखा, नवे फॉर्म आणि नियम कधीपासून लागू हे त्यातच लवकर कळतं. टॅक्स टिप्स म्हणूनही एक आहे, तो घरगुती लोकांना बरा, मला जरा पाणीदार वाटला.

या ईमेलची खरी किंमत कळली ती २०२५ च्या उन्हाळ्यात. ४ जुलैला टॅक्सचा तो मोठा कायदा (वन बिग ब्युटिफुल बिल) सही झाला आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॅपवर धो धो. सगळ्यात आधी माझ्याकडे वाढायला जाणारा मुलगा आला, ताई आता टिपवर टॅक्स नाही ना, मग कापू नका. मी म्हटलं थांब बाबा. आणि थांबले ते बरं झालं, कारण बातमीचा मथळा एक आणि आतला मजकूर दुसराच होता. टिपवरचा टॅक्स गेला नाहीये, इन्कम टॅक्ससाठी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपची वजावट मिळते, ती पण २०२५ ते २०२८ एवढीच, उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं (जोडीने भरत असाल तर तीन लाख) की कमी होत जाते. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा टॅक्स) पूर्वीसारखंच कापायचं, त्याच्याही पगारातून आणि माझ्याही खिशातून. ओव्हरटाइमचंही तसंच. तासाला २० डॉलरवाल्याला ओव्हरटाइमचे ३० मिळतात तर वजावट त्या वरच्या १० ची, पूर्ण ३० ची नाही, आणि वर्षाला १२,५०० पर्यंतच, जोडीने २५,०००. हे मी त्या मुलाला बिलाच्या पाठीमागे आकडे मांडून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला खरा, पण त्याला कोणीतरी टीव्हीवर सांगितल्यापेक्षा ते बरं.

यात माझी स्वतःची एक गोची निघाली. मी मोठ्या पार्टीच्या बिलात आपोआप १८ टक्के सर्व्हिस चार्ज लावायचे आणि तो सगळा वाढणाऱ्या मुलांना वाटून द्यायचे. मी मनात त्याला टिपच म्हणत होते. आयआरएसच्या हिशेबात गिऱ्हाइकाने स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या आकड्याने दिली ती टिप, बिलात छापून घेतलेली रक्कम म्हणजे पगार. हा नियम जुनाच आहे, पण आधी त्याने मुलांना फारसा फरक पडत नव्हता, आता पडतो, कारण पगार म्हटला की ती टिपची वजावट नाही. म्हणून बिलातून १८ टक्के काढले आणि टिपची ओळ रिकामी ठेवली. गिऱ्हाइकं कमी देतील अशी भीती होती. काही देतात कमी, काही जास्त, आपली माणसं (नाव नको घ्यायला) शून्य लिहून वर डबे भरून मागतात.

आणखी एक असंच डोकेदुखीचं काम ईमेलमुळे हलकं झालं. २०२५ च्या डब्ल्यू-२ मध्ये टिप आणि ओव्हरटाइमसाठी काही नवीन रकाना आला नाही, जुनाच फॉर्म राहिला, हे त्यांनी ऑगस्टमध्येच सांगून टाकलं होतं. २०२६ च्या डब्ल्यू-२ मध्ये मात्र बॉक्स १२ ला नवे कोड आहेत, टिपसाठी टीपी आणि ओव्हरटाइमसाठी टीटी. म्हणजे जानेवारी २०२६ पासूनच हिशेब वेगळा ठेवायला हवा, वर्षाच्या शेवटी बसून नाही जमणार. मी वहीत दोन कॉलम वाढवले. तसंच १०९९-एनईसी (पगारावर नसलेल्या, बाहेरून काम करणाऱ्यांना दिलेल्या पैशांचा फॉर्म) ची ६०० डॉलरची मर्यादा २०२६ मध्ये केलेल्या पेमेंटपासून २,००० झालीये, त्यामुळे मला वर्षाला दोन-तीन फॉर्म कमी. अर्थात फॉर्म नाही आला म्हणून समोरच्याचं उत्पन्न टॅक्समधून सुटत नाही, हे आमच्या वेबसाइटवाल्या मुलाला दोनदा सांगून झालंय.

ईमेलला पाचपैकी चार. एक कापला कारण कधीकधी एकाच ईमेलमध्ये वादळग्रस्त काउंटींच्या मुदतवाढीपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळं कोंबलेलं असतं आणि आपल्या कामाची ओळ सातवी असते.

व्हॉट्सॅपचा विषय निघालाच आहे तर रेमिटन्सचं सांगते. मे २०२५ मध्ये आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दिवसाला चाळीस मेसेज, घरी पैसे पाठवले की ५ टक्के जाणार, मग म्हणे साडेतीन, एका काकांनी तर घाईघाईत पुण्याच्या फ्लॅटचे पुढचे सगळे हप्ते एकदम पाठवून टाकले. शेवटी कायदा झाला तेव्हा १ टक्का, १ जानेवारी २०२६ पासून, आणि तोही रोख, मनी ऑर्डर, कॅशिअर्स चेक असल्या मार्गाने दिलेल्या पैशांवर. आपल्या इथल्या बँक अकाउंटमधून किंवा इथल्याच डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवले तर लागत नाही. काकांना मी लिंक पाठवली, त्यांनी अंगठा दाखवला, वरचा की कुठला ते कळलं नाही.

कॅल्क्युलेटर, म्हणजे टॅक्स विदहोल्डिंग एस्टिमेटर, याला साडेतीन. चांगलं म्हणजे नाव, सोशल सिक्युरिटी नंबर काही विचारत नाही, पे स्टब समोर ठेवून आकडे टाकायचे आणि शेवटी डब्ल्यू-४ मध्ये (पगारातून टॅक्स किती कापायचा ते कंपनीला कळवायचा फॉर्म) काय लिहायचं ते सांगतं. वाईट म्हणजे काही साठवून ठेवत नाही, दूध उतू गेलं म्हणून उठलात तर परत श्रीगणेशा. आणि नॉनरेसिडेंट लोकांसाठी ते नाहीच, त्यामुळे माझा भाचा जो एफ-१ वर शिकतोय त्याला काही उपयोग नाही. त्याच्यासाठी पब्लिकेशन ५१९ आहे. त्यात त्याला कळलं की भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना टॅक्स करारामुळे १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचं रिटर्न) मध्ये पण स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट) मिळतं, बाकी बहुतेक देशांच्या मुलांना नाही मिळत. त्याच्या रूममेटने ते न घेताच भरलं होतं, आता दुरुस्तीचा फॉर्म भरतोय बिचारा.

घराचं म्हणाल तर जोडीने भरणाऱ्यांना स्टँडर्ड डिडक्शन २०२५ साठी ३१,५०० झालं. पण न्यू जर्सीत घर असलेल्यांनी २०२५ च्या रिटर्नला डोळे झाकून ते घेऊ नका, कारण राज्य आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीची मर्यादा १०,००० वरून ४०,००० वर गेलीये (उत्पन्न पाच लाखाच्या वर असेल तर कमी होत जाते). आमचा प्रॉपर्टी टॅक्सच बारा हजाराच्या पुढे, वर नवऱ्याचा राज्याचा टॅक्स आणि घराच्या कर्जाचं व्याज, त्यामुळे कित्येक वर्षांनी आम्ही आयटमाइज केलं, म्हणजे एकेक खर्च मांडून वजावट घेतली. ६५ पूर्ण झालेल्यांना माणशी ६,००० ची वेगळी वजावट आहे, ती शेड्यूल १-ए वर घ्यायची, स्टँडर्ड घ्या नाहीतर आयटमाइज करा, दोन्हीत चालते.

जिथे या फुकट सेवा हात टेकतात ती जागा म्हणजे आपलं सांगली-मिरज. सासऱ्यांची तिथली एफडी, पेन्शन, आणि कुठल्यातरी जुन्या एजंटने गळ्यात मारलेले म्युच्युअल फंड. ग्रीन कार्ड आलं की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म), आणि तो आयआरएसकडे नाही, फिनसेन या दुसऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर वेगळा भरायचा. भारतातले म्युच्युअल फंड म्हणजे इथल्या नियमात पीएफआयसी (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी), त्याचा फॉर्म ८६२१, तो मी इन्स्ट्रक्शनची पहिली दोन पानं वाचून मिटला आणि सीपीएकडे (इथल्या सीएकडे) गेले. वर भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, तर बँकेकडून व्याजाचा दाखला मागताना "कॅलेंडर इयरचा द्या हो" हे फोनवर तीनदा समजवावं लागतं. इथे पैसे देऊन माणूस गाठा, त्यात कंजूषपणा नको.

राज्याचे नियम पण यात नसतात. टिपची ती वजावट न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये नाही, राज्याचं सगळं वेगळं बघायचं.

साइटवरच्या सर्चमध्ये जुनी पानं वर येतात, तर प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटचं कधी तपासलं ती तारीख असते, ती आधी बघा. भाषेचं म्हणाल तर आयआरएसची काही माहिती गुजरातीत, पंजाबीत, बंगालीत, उर्दूत आहे. मराठीत नाही. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या देशी बाजारात, हे ऐकून शेजारच्या गुजराती बेनला भारी आनंद झाला, मला म्हणते मी वाचून दाखवते ना तुला. आणि घरातल्या ज्येष्ठांना एवढं नक्की सांगून ठेवा की हे ईमेल नुसते वाचायचे असतात, आयआरएस थकबाकीसाठी आधी टपालाने चिठ्ठी पाठवते, गिफ्ट कार्डाचे नंबर फोनवर मागत नाही. सासूबाईंना असा फोन आला होता, त्यांनी त्याला अर्धा तास मराठीतून झापला, शेवटी त्यानेच ठेवला.